पाचगावलाच उतरलेले हात

प्रताप नगरातल्या त्या गल्लीत चांगलं वर्षभर अशी वार्ता होती की यमुताई रोज सकाळी उंदरांची पूजा करतात.

वार्तेच्या साक्षीदार होत्या समोरच्या शोभाताई. गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांना यमुताईंच्या मागच्या वऱ्हांड्यातलं सगळं दिसायचं. "मी कायले खोटं बोलू बाप्पा? आधी हात धुते. कसे? तर ऑपरेशनले जाऊन राहिली जशी. तोंडानं मंत्र चालूच. मग त्या दोन उंदरांपुढं दूर्वा ठेवते, अन् ते उंदीर, बाई, मागच्या पायावर उभे होऊन शिट्ट्या मारतेत." हे सांगताना शोभाताई 'बाई'पाशी थांबून एक लांब श्वास घेत आणि शिट्ट्यांपाशी आवाज एकदम खाली आणत. पूजा कशासाठी, असं कोणी विचारलं तर नुसतं डोळ्यांनी वर दाखवत. गणपतीचं वाहन. एका संकष्टीला तर त्यांनी स्वतःच एकवीस दूर्वांची जुडी आणि नारळ पाठवून दिला. यमुताईंनी नारळाची चटणी केली, आणि जुडी निवडून, धुऊन, ज्यांच्यासाठी आली होती त्यांना खाऊ घातली. हे कळल्यावर शोभाताई म्हणाल्या, "पाहा. नैवेद्य लागला."

आता खरं काय ते. ते उंदीर नव्हते, गिनी पिग होते. दोघी बहिणी, वीतभर लांबीच्या, शेपटीचा पत्ता नाही, बसल्या की पावासारख्या दिसणाऱ्या. करड्या-पांढरीचं नाव लाखोळी आणि तपकिरीचं जवसी, कारण यमुताई नागपूरजवळच्या कुहीकडच्या, आणि कुहीत धान निघाल्यावर बांधीत, म्हणजे त्याच धानाच्या शेतात, लाखोळीची डाळ आणि जवस पेरतात. दूर्वा म्हणजे साधं हिरवं गवत होतं. आणि मंत्र तर नव्हताच. हात धुताना यमुताई एसटीचे थांबे म्हणत.

"कुही... फाटा... पाचगाव... विहीरगाव... दिघोरी... सक्करदरा... स्टँड."

गल्लीत हे सगळ्यात आधी कळलं अश्लेषाला. ती यमुताईंच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्यांची मुलगी, वय सोळा, आणि देवानं तिला कानाऐवजी टेपरेकॉर्डरच बसवून दिला होता. जे ऐकेल ते तोंडातून जसंच्या तसं बाहेर. कुकरची तिसरी शिट्टी, थंडीत सुरू न होणारी स्कूटर, क्लासमधल्या सरांचं "समजलं का, समजलं का, नाही समजलं". शोभाताईंच्या आवाजात त्यांच्याच मुलीला फोन करून तिनं दोन जुड्या मेथी आणवली होती. आई ओरडली तर ती आईच्याच आवाजात उलट ओरडायची, मग आईला हसू यायचं आणि ओरडणं फुकट जायचं.

यमुताईंची नक्कल तिला फार आवडायची. एक तर यमुताई तिच्यावर रागवत नसत. आणि दुसरं म्हणजे तो आवाज आता गल्लीत कोणाचाच उरला नव्हता. जड, सावकाश, प्रत्येक वाक्य खाटेवर टेकून बसल्यासारखं. "आली काय वं पोरी? बस. आधी हात."

हे 'आधी हात' जिथून आलं ती गोष्ट पंचेचाळीस वर्षांपूर्वीची.

यमुताई बावीस वर्षांच्या असताना त्यांना नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्राणीघरात नोकरी लागली. काम म्हणजे पिंजरे धुणं, भुसा बदलणं, चारा घालणं. पांढरे उंदीर, ससे, आणि एका मोठ्या खोलीत साठ-सत्तर गिनी पिग. "तवा यायले घरी कोणी पाळत नव्हतं," त्या अश्लेषाला सांगत. "ते सरकारी नोकर होते. माह्यासारखे. फक्त त्यायले पेन्शन नव्हती."

पहिल्याच दिवशी तिथल्या मुकुंद सरांनी त्यांना नळापाशी उभं केलं. जनावराला हात लावण्याच्या आधी हात धुवायचे आणि लावून झाल्यावर पुन्हा धुवायचे. लाल साबणानं, पन्नास मोजेपर्यंत. यमुताई शेतकऱ्याच्या घरच्या, गोठ्यात वाढलेल्या. त्यांनी विचारलं, "सर, नंतरचं समजलं. आधी काहून?"

सर म्हणाले, "तू एसटीचा दांडा धरून आलीस ना? त्याच दांड्याला धरून अर्धी कुही आली. त्यांचा खोकला, त्यांचा गजकर्ण, त्यांच्या कोंबड्यांचं जे काय असेल ते, सगळं तुझ्या हाताला. या जनावरानं तुझं काय वाईट केलं?"

यमुताईंना ते एकदम पटलं. पन्नास मात्र जमेना. सव्वीस-सत्तावीसपर्यंत गेलं की त्या खोलीतले सगळे गिनी पिग एका सुरात शिट्ट्या मारायला लागत. नळाचा आवाज म्हणजे यमू आली, यमू आली म्हणजे चारा आला. त्या कालव्यात आकडा हरवायचा. मग त्यांनी आपल्यापुरती एक युक्ती काढली. आकडा विसरतो माणूस, पण गावचा रस्ता नाही विसरत. रोज सकाळी कुहीहून यायचं, रोज संध्याकाळी कुहीला जायचं, थांबे तर झोपेतही पाठ.

कुहीला हात ओले करायचे. फाट्यावर साबण. पाचगावला शाळेची पोरं चढायची आणि गाडी भरून जायची, म्हणून पाचगावला तळवे आणि हाताची मागची बाजू, सगळं भरून फेस. विहीरगावला भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बाया दोन सीटच्या मधल्या जागेत कोंबून बसायच्या, म्हणून विहीरगावला बोटांच्या बेचक्या. दिघोरीला जकात नाक्यावर गाडी हमखास अडकायची, ट्रकमागे ट्रक, कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळायचा. म्हणून दिघोरीला अंगठे, कारण हात धुताना माणूस अंगठाच विसरतो, तिथं मुद्दाम अडकलं पाहिजे. सक्करदऱ्याला नखं. आणि स्टँड आला की पाणी ओतायचं, कोरडं पुसायचं.

दोन वर्षं त्या कुहीहून येऊन-जाऊन होत्या. मग लग्न झालं, नागपुरातच घर झालं, जितेंद्र झाला. एसटी सुटली. हात मात्र रोज कुहीहून निघत राहिले, दिवसातून दहादा, आणि नागपूरला पोचत राहिले.

एका वर्षी धानाच्या रोवणीला माहेरी मदत हवी होती. यमुताईंनी आठ दिवसांची रजा घेतली. परत आल्या, पदर खोचला, नळापाशी गेल्या, कुही ते स्टँड हात धुतले आणि खोलीचं दार ढकललं. पिंजरे रिकामे. धुऊन, पालथे घालून ठेवलेले. प्राणीघर बंद करायचा हुकूम आला होता, गाडी आली, जनावरं गेली. कुठं गेली हे सांगणारा कोणी नव्हता. मुकुंद सर त्याआधीच निवृत्त झाले होते.

"त्या दिवशी आधीचे हात धुतले," यमुताई म्हणाल्या होत्या. "नंतरचे धुवाचं कामच नाही पडलं."

अश्लेषानं हे वाक्य नंतर वर जाऊन आरशापुढं म्हणून पाहिलं. आवाज बरोबर लागला. तरी तिनं ते पुन्हा कधी कोणाला करून दाखवलं नाही.

पुढची नोकरी यमुताईंनी त्याच कॉलेजच्या स्टोअरच्या खिडकीत काढली आणि निवृत्त झाल्या. गिनी पिग हा शब्द घरात कोणी काढला नाही. मग दोन वर्षांपूर्वी नातवाच्या, आयुषच्या सातव्या वाढदिवसाला त्याच्या मामानं एक पिंजरा आणला. त्यावरचा कपडा काढला, आणि आतून बारीक शिट्टी आली. गुडघ्यांनी हैराण झालेल्या यमुताई दिवाणावरून कोणाचा हात न धरता उठल्या. जवळ मात्र गेल्या नाहीत. आधी मागच्या बेसिनकडे गेल्या.

तेव्हापासून घरात कायदा लागू झाला. आधी हात, नंतर हात, आणि धुताना थांबे मोठ्यानं म्हणायचे. वऱ्हांड्यातल्या बेसिनवर लाल साबण, शेजारी खिळ्याला पंचा. यमुताई आतल्या खोलीत दिवाणावर, पिंजरा त्यांच्या उशापाशी. बेसिन तिथून दिसत नाही, पण ऐकू येतं. कोणी नुसते दोन थेंब उडवून आलं की त्या विचारत, "पाचगावलेच उतरला काय रे?" आयुष मुकाट्यानं परत जाई.

मुलाचीही सुटका नव्हती. जितेंद्रचा कळमन्याला संत्र्यांचा धंदा. एकदा तो बाजारातून आला आणि तसाच जवसीपुढं बोट धरून बसला. तिनं कचकन दात लावले.

"माय, चावकी हाय हे," जितेंद्र बोट झटकत म्हणाला.

"ते चावलं नाही गा. त्यानं संत्र्याची फोड पाह्यली. तुह्या हातावर सकाळपासून चार टन संत्रं फिरून राहिलं, जवसीची काय चूक?"

"मग मी काय संत्र्याचा हाय?"

"नाकानं पाह्यलं तर हायेस."

सून शामला या सगळ्याकडे जरा लांबून बघायची. ती एका शाळेच्या ऑफिसात होती, सकाळी नऊला घर सोडायची. तिला जनावरं आवडत नव्हती असं नाही, पण घरात पोरगं, त्याचं अंथरूण, त्याचा डबा, आणि शेजारी लेंड्या टाकणाऱ्या दोघी, हे तिच्या मनात कधी नीट बसलं नव्हतं. सासूबाई हात धुतात, धुवायला लावतात, एवढ्या एका गोष्टीवर तिनं ते चालू दिलं होतं.

आणि त्याच गोष्टीत अश्लेषानं भोक पाडलं.

दुष्टपणानं नाही. कंटाळ्यानं. क्लासहून यायचं, लाखोळी-जवसीला मांडीवर घ्यायचं, वर जायचं, एवढ्या वेळात दोनदा कुही ते नागपूर कोण करणार? एक दिवस तिनं नळ सोडला आणि हातात मोबाइल धरूनच यमुताईंच्या आवाजात थांबे म्हणायला सुरुवात केली. "कुही... फाटा..." तीच सावकाश लय, दिघोरीनंतरचा तोच सुस्कारा. आतून यमुताईंचा आवाज आला, "पोचली काय वं?" "पोचले आजी." अश्लेषा आत गेली, जवसीला उचललं, आणि तिला मनातून इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. ज्या कानानं सत्तर गिनी पिगांच्या शिट्ट्या वेगवेगळ्या ओळखल्या त्या कानाला तिनं फसवलं होतं. मग ती रोजच फसवायला लागली. दीड महिना. मोबाइलवर मैत्रिणीला उत्तर लिहायचं आणि तोंडानं पाचगाव, विहीरगाव.

क्लासच्या पायऱ्यांखाली एका मांजरीनं पिल्लं घातली होती. त्यातलं एक पिवळं पिल्लू, कानामागं जरा टक्कल पडलेलं, अश्लेषाच्या ओंजळीत झोपायचं.

दिवाळीनंतर आयुषच्या मानेवर एक गोल डाग उठला. कडा लाल, मधे कोरडं. डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, गजकर्ण. घरी जनावर आहे का? शामलानं घरी येऊन पिंजऱ्यात वाकून पाहिलं. जवसीच्या नाकाच्या कडेला केस गेलेले, तसाच छोटा गोल.

ती ओरडली नाही. पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "आई, रविवारी या दोघी दुकानात वापस जातील. दुकानवाल्याशी बोलले मी."

दोन वर्षं यमुताई सांगत आल्या होत्या की हात धुतले तर काही होत नाही. आता झालं होतं. म्हणजे कोणाचे तरी हात धुतले गेले नव्हते. आयुषचे त्या स्वतः तपासत. जितेंद्र आठवड्यातून एकदा हात लावणार. अश्लेषाचे थांबे तर रोज कानानं ऐकलेले. राहिलं कोण?

"माह्याच हातानं आलं असंन," त्या म्हणाल्या. "म्हातारपण हाय. एखादा थांबा सुटत असंन."

त्या दिवसापासून त्यांनी हात दोनदा धुवायला सुरुवात केली. स्टँडला पोचायचं आणि पुन्हा कुहीहून निघायचं. डाग नसलेल्या लाखोळीला त्यांनी वेगळ्या खोक्यात ठेवलं, जवसीला उचलताना प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घातल्या, तिचं नाक मऊ कपड्यानं टिपलं, कपडा जाळून टाकला. हातांना भेगा पडल्या. दिवाणावर बसून त्या बोटं चाचपत, थांबे पुटपुटत, कुठला सुटतो ते शोधत. एकदा आयुषला विचारलं, "पाचगावच्या आधी अजून काही होतं काय रे?" आयुष कुहीला कधी गेलाच नव्हता.

अश्लेषाला हे ऐकू आलं. ऐकू येणं हेच तर तिचं दुखणं. शुक्रवारी ती खाली आली तेव्हा दार अर्धं उघडं होतं. यमुताई लाखोळीशी बोलत होत्या. "रविवारी तुमी जाऊन राहिल्या. यावेळी मी घरीच राहीन बरं. रोवणीले नाही जात."

अश्लेषा तशीच जिन्यात बसली. मनगट खाजलं. घड्याळाचा पट्टा तिनं आठवडाभर मागं-पुढं केला होता, घामाचं असेल म्हणून. आता तो काढला. खाली गोल डाग. कडा लाल, मधे कोरडं, आयुषच्या डागापेक्षा जुना आणि मोठा.

ती आत गेली आणि सवयीनं तोंडातून क्लासच्या सरांचा आवाज निघाला, "तर काय आहे, समजा, एक मांजर आहे—"

"तुह्या आवाजात सांग," यमुताई म्हणाल्या.

तिनं सांगितलं. मनगट दाखवलं. पिवळं पिल्लू, मोबाइल, नळ, दीड महिना. यमुताई ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोणत्या थांब्यावर उतरत होती वं?"

"चढलेच नव्हते आजी."

मग यमुताईंनी आपली भेगाळलेली बोटं उलटीपालटी करून बघितली आणि सुस्कारा टाकला. अश्लेषाला वाटलं, त्यात थोडी सुटका होती. थांबा सुटला नव्हता.

संध्याकाळी शामलासमोर सगळं पुन्हा सांगावं लागलं. शामला अश्लेषावर रागावली, आणि ते रास्तच होतं. पण जनावरांचा काही दोष नव्हता हेही तिला दिसलं. रविवारचं जाणं टळलं. एक महिन्याची मुदत मिळाली. आयुषला मलम, अश्लेषाला मलम, जवसीला जनावरांच्या डॉक्टरचं औषध, पिंजरा उकळत्या पाण्यानं धुणं, पंचा प्रत्येकाचा वेगळा. तेवढ्या दिवसांत यमुताईंशिवाय कोणीही हात लावायचा नाही. पिवळ्या पिल्लाचा कान दाखवायला क्लासचे सर स्वतः गेले, "समजलं का" न म्हणता.

महिना झाला. आयुषची मान साफ, मनगट साफ, जवसीच्या नाकावर बारीक तपकिरी केस आले. यमुताईंनी तिला दिव्याखाली धरून शामलाला दाखवलं.

शामला म्हणाली, "डाग गेला आई, मान्य. पण सवय गेली काय? तुम्हाला गुडघ्यानं दहादा उठवत नाही. मी नऊला जाते. आयुषचे मित्र येतात, ही येते. बेसिनपाशी कोण उभं राहणार? आत बसून नुसतं ऐकून चालत नाही, ते तर आपण पाहिलंच."

"तवा मी थांबे ऐकत होती," यमुताई म्हणाल्या. "आता मी हात ऐकतो."

"म्हणजे?"

"बसल्या जागेवरून सांगतो कोणाचे धुतले अन् कोणाचे नाही. चुकली तर रविवारी घेऊन जा. मी एक शब्द नाही बोलणार."

अश्लेषा दारात उभी होती. ती हसली, कारण हे होण्यासारखं नव्हतं. "आजी, माझ्यासमोर नाही जमणार तुम्हाला."

"लाव शर्त."

"नको. मी जिंकले तर लाखोळी जाईल."

"जाऊ दे. पण मुद्दाम हारशीन तर मले आवाजातच समजंन, अन् मग मी तुह्यासंग बोलणार नाही. पुऱ्या ताकदीनं कर. सांग, जिंकली तर काय पाहिजे?"

अश्लेषानं नाइलाजानं विचार केला. "तुमची नक्कल कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये करणार. स्टेजवर. माइकवर."

"कर. अन् हारली तर माह्यासंग कुहीले यायचं. यष्टीनं. अकरा वर्षं झाली मले जाऊन. जितेंद्र म्हणते कारनं नेतो, मग नेतच नाही."

पंच शामला झाली. पाच फेऱ्या ठरल्या. कोणत्या फेरीत खरे धुवायचे आणि कोणत्या फेरीत नुसता आवाज, हे शामला बेसिनपाशी उभी राहून बोटानं दाखवणार. यमुताई आत, दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून. पाचही बरोबर आल्या तरच जनावरं राहणार. आयुष पिंजऱ्याला चिकटून बसला.

पहिल्या फेरीला शामलानं खरे दाखवले. अश्लेषानं खरे धुतले. आतून उत्तर आलं, "धुतले."

दुसरीला खोटे. नळ, थांबे, सुस्कारा. "कोरडे हायेत."

शामलानं भुवई उचलली. अश्लेषाला वाटलं, पाण्यावरून ओळखतात. हातावरून पडणारं पाणी तुटून पडतं, नुसतं पडणारं सरळ पडतं. तिसरी फेरी पुन्हा खोटी आली, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून झारा आणून नळाखाली धरला आणि हलवत राहिली. पाणी अगदी हातावरून पडल्यासारखं पडलं.

"पुऱ्या तळून राहिली काय वं?" आतून आवाज आला. "हात कोरडे."

चौथी खरी. "धुतले. पण डाव्या हाताचा अंगठा घाईत झाला."

अश्लेषानं डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. शामलानंही पाहिलं. तिच्या तोंडाचा कोपरा हलायला लागला होता.

पाचवीला शामलानं थोडा वेळ घेतला आणि खोटे दाखवले. अश्लेषानं डोळे मिटले. ही फेरी तिच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली नक्कल होती. तिनं थोडा खोकला घातला. साबण हातातून सटकल्याचा आवाज जिभेनं काढला. पाचगावला मुद्दाम उशीर केला, शाळेची पोरं चढतात तिथं, गाडी भरेपर्यंत थांबली, मग सावकाश विहीरगाव, दिघोरी, सक्करदरा, आणि स्टँडवर दमलेला श्वास. बेसिनपाशी उभ्या शामलाला क्षणभर वाटलं, सासूबाईच बाहेर आल्यात.

पिंजऱ्यातून एक शिट्टी आली, नळ ऐकून. त्या दोघी फसल्या होत्या.

"कोरडे," यमुताई म्हणाल्या.

शामलानं नळ बंद केला. दोघी आत आल्या तेव्हा आयुष आजीच्या पाठीवर लटकला होता.

"कसं ओळखलं?" अश्लेषानं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, चोरानं कुलूपवाल्याला विचारावं तसं.

यमुताई भिंतीकडून वळल्या. "तुह्या गाड्या टायमावर पोचतेत वं. पहिल्या दोन खोट्या गाड्या तर एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. खरे हात असे चालत नाहीत. साबण सुळसुळ करते, बोट बोटाले सापडत नाही, माणूस शब्द बोलता बोलता अडकते."

"शेवटच्या वेळी अडकले की मी. पाचगावला."

"पाचगावले गाडी अडकत होती. हात नाही अडकत. हात दिघोरीले अडकतेत. अंगठा ओला असला की दुसऱ्या मुठीत धरता येत नाही, दोनदा निसटते. दिघोरी म्हणता म्हणता माणूस 'दि'वरच राहते. तू तिथून सरळ निघून आली. अन् जकात नाका सोडून कोणती यष्टी सरळ आली वं आजपर्यंत?"

जकात नाका उठून किती वर्षं झाली होती. तिथं आता ट्रक थांबत नाहीत, रस्ताही रुंद झालाय. पण त्या खोलीत क्षणभर सगळेच तिथं उभे होते, ट्रकमागे, कंडक्टरचं तंबाखू मळून होण्याची वाट बघत.

शामलानं पंचा खिळ्यावरून काढून नवा लावला, आणि बाहेर जाऊन नळ सोडला. आतून सगळ्यांनी ऐकलं. "कुही... फाटा..." तिला पुढचं येत नव्हतं. आयुषनं ओरडून सांगितलं, "पाचगाव." दिघोरीला ती चांगली अडकली. मग आत येऊन तिनं पहिल्यांदाच लाखोळीला दोन्ही हातांनी उचललं, एक हात पोटाखाली, एक मागच्या पायांखाली, यमुताई धरतात तसं.

अश्लेषा हरली होती. जन्मात पहिल्यांदा, आणि तेही भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईपुढं.

"परवा, सकाळी सातची गाडी," यमुताई म्हणाल्या. "खिडकी माही."